मॉर्फीचा ऑपेरातला डाव आणि बुद्धिबळाचा पाया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कोणता डाव?

१८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात झालेला, अवघ्या १७ चालींत संपलेला डाव. पांढऱ्या सोंगट्या अमेरिकेच्या पॉल मॉर्फीकडे. तो तेव्हा २१ वर्षांचा होता आणि युरोपातल्या नामांकित खेळाडूंशी दोन हात करायला आला होता. काळ्या सोंगट्या ब्रन्सविकचे ड्यूक कार्ल आणि काउंट इझुआर हे दोघे आपसात सल्लामसलत करून चालवत होते.

शिकायला हाच डाव का? याहून मोठमोठे डाव आहेत की.

आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांत चाल का खेळली हे समजायलाच वर्षभराचा सराव लागतो. इथे पांढऱ्याच्या प्रत्येक चालीचे कारण एका वाक्यात सांगता येते आणि काळ्याच्या प्रत्येक चुकीची शिक्षा चार-पाच चालींत मिळते. आमच्या मते या डावातून एकच गोष्ट घट्ट धरावी: कोणाच्या किती सोंगट्या कामाला लागल्या आहेत, हे दर चालीला मोजायचे. पिन (सोंगटी अडकवून ठेवणे), बळी, मात हे सगळे त्या मोजणीतूनच निघते.

चाली कशा वाचायच्या?

पांढऱ्याच्या बाजूने बसलात की डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्या अशा: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. नुसते ‘ई४’ लिहिले असेल तर ती प्याद्याची चाल. ‘घोडा एफ३’ म्हणजे घोडा त्या घरात गेला. × म्हणजे मारले; ‘डी×ई५’ म्हणजे डी पट्टीवरच्या प्याद्याने ई५ वर मारले. आधी पांढऱ्याची चाल, नंतर काळ्याची. आकड्यानंतर तीन टिंबे असतील तर ती काळ्याची चाल.

पट मांडताना दोन चुका फार होतात. पहिली, पट आडवा ठेवला जातो. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर आलेच पाहिजे. दुसरी, राजा आणि वजीर यांची अदलाबदल. पांढरा वजीर पांढऱ्या घरात (डी१), काळा वजीर काळ्या घरात (डी८). या डावाचा अख्खा शेवट डी पट्टीवर घडतो, त्यामुळे मांडणी उलटी असेल तर चौथ्या-पाचव्या चालीलाच गाडी अडते. घरच्या पटावर अक्षरे छापलेली नसतील तर कडेने कागदी चिकटपट्टी लावून पेनाने लिहा.

पूर्ण डाव द्याल का?

१. ई४, ई५
२. घोडा एफ३, डी६
३. डी४, उंट जी४
४. डी×ई५, उंट×एफ३
५. वजीर×एफ३, डी×ई५
६. उंट सी४, घोडा एफ६
७. वजीर बी३, वजीर ई७
८. घोडा सी३, सी६
९. उंट जी५, बी५
१०. घोडा×बी५, सी×बी५
११. उंट×बी५ शह, घोडा बी८ वरून डी७
१२. वजिराच्या बाजूला किल्लेकोट (कॅसलिंग: राजा सी१, हत्ती डी१), हत्ती डी८
१३. हत्ती×डी७, हत्ती×डी७
१४. हत्ती डी१, वजीर ई६
१५. उंट×डी७ शह, घोडा×डी७
१६. वजीर बी८ शह, घोडा×बी८
१७. हत्ती डी८, शहमात

पहिल्यांदा काहीही विचार न करता नुसता मांडून पाहा. स्पष्टीकरणाकडे त्यानंतर वळा.

काळ्याची दुसरी चाल डी६ चुकीची आहे का?

नाही. हा फिलिडोर बचाव, आजही खेळला जातो. १८व्या शतकातल्या ज्या फ्रेंच खेळाडूचे नाव त्याला मिळाले तो फिलिडोर पेशाने ऑपेरांचा संगीतकार होता, त्यामुळे ऑपेरागृहात हाच बचाव निघावा हा योगायोग गमतीचा. बचाव भक्कम आहे, फक्त जरा आखडलेला: डी६ च्या प्याद्यामुळे एफ८ च्या उंटाची वाट अडते.

मग पहिली खरी चूक कुठली?

तिसरी चाल, उंट जी४. काळ्याला वाटले की घोड्याला वजिराशी बांधून टाकले (घोडा हलला तर मागचा वजीर जाणार). पण पांढऱ्याने ४. डी×ई५ खेळताच प्रश्न उभा राहतो. काळ्याने सरळ ४...डी×ई५ मारले तर ५. वजीर×डी८ शह, राजा×डी८, ६. घोडा×ई५. वजीर पटावरून गेले, म्हणजे बांधणीही गेली. पांढऱ्याला एक प्यादे फुकट मिळाले आणि त्याचा घोडा जी४ च्या उंटावर तसेच एफ७ वर एकदम डोळा ठेवून बसला. घोडा एफ७ वर आला तर डी८ चा राजा आणि एच८ चा हत्ती दोन्ही एका घावात.

हे टाळायला काळ्याला उंट देऊन घोडा मारावा लागला. आता हिशेब करा. काळ्याचा उंट दोन चाली चालला आणि पटावरून नाहीसा झाला. बदल्यात पांढऱ्याचा वजीर आयता एफ३ वर येऊन बसला. काळ्याच्या दोन चाली वाया गेल्या आणि पांढऱ्याला एक चाल फुकट मिळाली. तिसऱ्या चालीला ३...ई×डी४ किंवा ३...घोडा एफ६ खेळले असते तर काही बिघडले नसते.

वजीर लवकर बाहेर काढू नये असे क्लासमध्ये शिकवतात. मॉर्फीने तर पाचव्या आणि सातव्या चालीला वजीरच हलवला.

नियमामागचे कारण लक्षात घ्या. लवकर आलेल्या वजिराला समोरचा घोडे-उंट पुढे आणत हुसकावतो, आणि तुम्ही पळत असताना त्याची मांडणी होत जाते. इथे काळ्याकडे हुसकावायला बाहेर आलेले घोडे-उंटच नव्हते. पाचवी चाल तर प्रतिमार (घोडा मारणाऱ्या उंटाला उलट मारणे) होती, म्हणजे त्यात वेळ गेलाच नाही.

सातवी चाल वजीर बी३ मात्र नीट पाहण्यासारखी आहे. सहाव्या चालीनंतर वजीर एफ७ वर मात देण्याची धमकी होती, ती काळ्याने घोडा एफ६ वर आणून अडवली. मॉर्फीने लगेच वजीर बाजूला नेऊन एकाच चालीत दोन घरांवर हल्ला केला: उंटामागे उभे राहून एफ७ वर आणि थेट बी७ वर. एफ७ हे सुरुवातीला काळ्याचे सर्वांत कच्चे घर, कारण त्याला फक्त राजाचा आधार असतो. काळ्याने वजीर ई७ वर आणून एफ७ राखले, पण त्याच वजिराने एफ८ च्या उंटाचे दार बंद केले. तो उंट डाव संपेपर्यंत हललाच नाही.

आठव्या चालीला बी७ चे प्यादे का नाही मारले? फुकट होते.

मारता आले असते आणि पांढरा वरचढच राहिला असता. पण ८. वजीर×बी७ नंतर काळा ८...वजीर बी४ शह देऊन वजिरांची मारामारी करवतो. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त, पण पुढे लांबलचक खेळ. मॉर्फीने ८. घोडा सी३ खेळून आणखी एक सोंगटी बाहेर काढली, आणि त्याच घोड्याने बी४ वरच्या शहाची सोयही संपवली. आता बी७ ची धमकी खरी झाली, कारण मागे ए८ चा हत्तीही पडणार. म्हणून काळ्याला सी६ खेळावे लागले: सी७ रिकामे झाल्यावर ई७ चा वजीर सातव्या ओळीतून बी७ राखतो. पण सी६ हे घर बी८ च्या घोड्याचे होते, तेही गेले.

नवव्या चालीला उंट जी५ आल्यावर थांबा आणि मोजा. पांढरा: वजीर, दोन उंट, एक घोडा, असे चार कामाला लागलेले. काळा: एक घोडा, तोही वजिराशी बांधलेला, आणि एक वजीर जो स्वतःच्या उंटाच्या वाटेत उभा आहे. डाव इथेच जवळपास ठरला.

९...बी५ मध्ये इतके काय वाईट? उंटाला हाकलले तर काय बिघडले?

बरोबर चालणाऱ्या मांडणीत प्यादे पुढे करून उंट हाकलणे चांगलेच. इथे राजा अजून मध्यात, बाकी सोंगट्या घरात, आणि काळ्याने स्वतःहून राजापर्यंतचा तिरपा रस्ता उघडला.

खरे तर काळ्याला सोपी चाल राहिली नव्हती. ९...घोडा बी८ वरून डी७ खेळला तर सातव्या ओळीतला वजिराचा आधार तुटतो आणि बी७ पडते. त्यातल्या त्यात ९...वजीर सी७ बरी, कारण बी७ आणि एफ७ दोन्ही राखले जातात आणि उंटाचा रस्ताही मोकळा होतो. पांढरा मग उंट×एफ६ मारून राजाच्या बाजूची प्यादी फोडतो, पण १७ चालींत मात तरी होत नाही.

दहाव्या चालीला घोड्याचा बळी दिला. असा बळी देताना हिशेब कसा करायचा?

आधी गुण (प्यादे १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९). घोडा ३ गुणांचा, बदल्यात दोन प्यादी मिळाली, म्हणजे तोटा एका गुणाचा. मग तीन प्रश्न. एक, पुढची चाल शह आहे का? आहे, उंट×बी५. दोन, शह दिल्यावर समोरच्याची चांगली उत्तरे संपतात का? सगळी मांडून पाहू:

११...राजा डी८ खेळला तर १२ व्या चालीचा किल्लेकोटच शह होतो, कारण हत्ती डी१ वर येतो.
११...घोडा सी६ खेळला तर उंट×सी६ शह, आणि ए८ चा हत्तीही त्याच उंटाच्या माऱ्यात.
११...घोडा एफ६ वरून डी७ खेळला तर जी५ चा उंट ई७ चा वजीर मारतो.
११...वजीर डी७ खेळला तर उंट×डी७, वजीर गेला.

उरली फक्त डावात खेळलेली चाल. तिसरा प्रश्न, तुमच्या आणखी सोंगट्या हल्ल्याला येऊ शकतात का? दोन्ही हत्ती तयार आहेत. तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर बळी द्यावा. एकाचेही ‘बघू’ असेल तर उंट मागे घ्यावा. नवशिके नेमके इथे घसरतात: पहिला शह दिसतो, तिसऱ्या प्रश्नाकडे लक्षच जात नाही, आणि मग दोन शहांनंतर दारूगोळा संपतो.

पिन म्हणजे नक्की काय? या डावात किती आहेत?

मागे किमती सोंगटी किंवा राजा असल्यामुळे पुढची सोंगटी अडकून पडते, ती पिन. तिचे दोन प्रकार आहेत आणि हा फरक न कळल्यामुळे बरेच डाव हरले जातात.

मागे राजा असेल तर पुढची सोंगटी ती रेघ सोडूच शकत नाही, नियमच तसा आहे. ११व्या चालीनंतर डी७ चा घोडा आणि १३व्या चालीनंतर डी७ चा हत्ती असे अडकले आहेत, दोन्ही वेळा बी५ च्या उंटामुळे. मागे वजीर असेल तर पुढची सोंगटी हलवता येते, फक्त वजीर जातो. जी४ च्या उंटाने एफ३ चा घोडा आणि जी५ च्या उंटाने एफ६ चा घोडा असा अडकवला आहे. राजाशी बांधलेली सोंगटी स्वतः हलू शकत नसली तरी समोरच्या राजाला तिच्या माऱ्यातल्या घरात जाता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता पांढऱ्याच्या १२व्या चालीनंतर (काळ्याने हत्ती डी८ खेळण्याआधी) डी७ हे घर पाहा. पांढऱ्याचे हल्लेखोर दोन, उंट आणि हत्ती. काळ्याचे राखणदार वरवर पाहता तीन: राजा, वजीर, एफ६ चा घोडा. पण घोड्याने डी७ वर मारले की वजीर जातो, म्हणून तो मोजायचाच नाही. राखणदार मोजताना ‘हा खरोखर मारू शकेल का?’ हे प्रत्येकाला विचारायचे.

मोठा किल्लेकोट का? छोटा जास्त सुरक्षित नाही का?

सुरक्षित असतो. पण इथे वजिराच्या बाजूला किल्लेकोट करताच हत्ती त्याच चालीत डी१ वर, थेट हल्ल्यात येतो. छोट्या किल्लेकोटानंतर हत्तीला डी पट्टीवर आणायला आणखी एक चाल गेली असती आणि तेवढ्यात काळ्याने श्वास घेतला असता.

नियमाचे: राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मधली घरे रिकामी हवीत, राजाला शह नसावा, राजा ज्या घरावरून जातो आणि जिथे थांबतो ती घरे माऱ्यात नसावीत. बी१ माऱ्यात असले तरी चालते, कारण तिथून फक्त हत्ती जातो. स्पर्धेत हात आधी राजाला लावायचा. आधी हत्तीला हात लागला तर हत्तीचीच चाल करावी लागते, आणि मुले पहिल्या स्पर्धेत हे हमखास चुकतात.

१३ ते १५ या चाली गोंधळात टाकतात. क्रम असाच का?

१३. हत्ती×डी७ ने पांढरा हत्ती देऊन घोडा घेतो. काळ्याने वजिराने मारले तर उंट वजीर घेतो, घोड्याने मारले तर जी५ चा उंट वजीर घेतो, म्हणून हत्तीनेच मारावे लागते. आता तो हत्ती राजाशी बांधला गेला. इथे घाईने उंट×डी७ न मारता मॉर्फीने १४. हत्ती डी१ खेळून शेवटची उरलेली सोंगटी आणली. अडकलेली सोंगटी कुठे पळत नाही. आधी माणसे जमवा, मग मारा. प्यादी सोडली तर या क्षणी पांढऱ्याची एकही सोंगटी मूळ घरात नाही. काळ्याचे एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती जागचे हललेले नाहीत.

१४...वजीर ई६ ने काळ्याने एफ६ चा घोडा सोडवला आणि वजिरांच्या मारामारीचा प्रस्ताव ठेवला. १५. उंट×डी७ नंतर वजिराने मारले असते तरी १६. वजीर बी८ शह, राजा ई७, १७. वजीर×ई५ शह, आणि काळा हरतोच. घोड्याने मारल्यावर मात्र सुंदर शेवट मिळाला.

वजिराचा बळी कसा सुचतो?

उलटे चालत जा. हत्ती डी८ वर पोहोचला आणि त्याला जी५ च्या उंटाचा आधार असला तर मात आहे: ई७ उंटाच्या माऱ्यात, डी७ हत्तीच्या माऱ्यात, एफ७ आणि एफ८ काळ्याच्याच सोंगट्यांनी भरलेले. आडवा कोण येतो? डी७ चा घोडा. त्याला तिथून उठवायचे कसे? बी८ वर वजीर देऊन. काळ्याकडे दुसरी कायदेशीर चालच नाही.

मात झाली त्या वेळचे गुण मोजा. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि पाच प्यादी, एकूण २५. पांढऱ्याकडे हत्ती, उंट आणि सात प्यादी, एकूण १५. मुलांना ही बेरीज स्वतः करू द्या.

प्रतिस्पर्धी हौशी होते. मग या डावाला किंमत किती?

शिकण्यासाठी भरपूर. सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या स्पर्धेत किंवा मोबाइलवर तुमच्यासमोर जे बसतात ते याच चुका करतात.

आजोबा देशी पद्धतीने खेळतात. त्यांच्यासोबत हा डाव मांडता येईल का?

मांडता येईल, पण आधी नियमांचे बोलून घ्या. जुन्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते, किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. तपशील गावोगावी वेगळे. त्या नियमांनी या डावाची पहिलीच चाल बसत नाही. पण पिन आणि बळी आजोबांना तुमच्याआधी दिसण्याची शक्यता बरीच आहे.

सराव कसा करायचा?

पहिल्या बैठकीत डाव दोनदा मांडा. दुसऱ्या बैठकीत सहाव्या चालीपासून पांढऱ्याच्या चाली कागदाने झाका, प्रत्येकीला दोन मिनिटे विचार करून आपली चाल लिहा, मग कागद सरकवा. चूक आली तर ‘माझ्या चालीने कुठली नवी सोंगटी कामाला लागली?’ एवढेच तपासा. तिसऱ्या बैठकीत काळ्याच्या बाजूने बसा. त्यानंतर पट न पाहता. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर मोबाइल खिशात ठेवून डोळ्यांसमोर चाली आणा. सुरुवातीला पाचव्या-सहाव्या चालीला चित्र पुसट होते. तिथून पुढे न रेटता पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

दोन कोडी सोबत सोडवा. ७...वजीर डी७ खेळला असता तर? (८. वजीर×बी७, आणि ८...वजीर सी६ ला ९. उंट बी५ ने काळा वजीरच राजाशी बांधला जातो.) १४...वजीर बी४ खेळला असता तर? (१५. उंट×एफ६, वजीर×बी३, १६. उंट×डी७ मात.)

पट कोणता घ्यावा?

घडी किंवा गुंडाळी होणारा रेक्झिनचा पट आणि प्लॅस्टिकच्या वजनदार सोंगट्या पुरतात. राजाची उंची सुमारे ९.५ सेंटीमीटर आणि घर ५ ते ६ सेंटीमीटरचे असले की स्पर्धेची सवय होते. मुंबईत धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत असे संच हातात घेऊन पाहता येतात. चुंबकाचा छोटा पट प्रवासाला ठीक, पण मुलांनी पहिला डाव मोठ्या पटावरच शिकावा. तिरप्या रेघा त्यावर स्पष्ट दिसतात.

हा डाव पाठ झाला. पुढे कोणता?

रेती विरुद्ध टार्टाकोव्हर, व्हिएन्ना, १९१०. अकराच चाली: १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३ डी×ई४ ४. घोडा×ई४ घोडा एफ६ ५. वजीर डी३ ई५ ६. डी×ई५ वजीर ए५ शह ७. उंट डी२ वजीर×ई५ ८. मोठा किल्लेकोट घोडा×ई४ ९. वजीर डी८ शह राजा×डी८ १०. उंट जी५ दुहेरी शह, राजा सी७ ११. उंट डी८ मात. आठव्या चालीनंतर थांबून दोन्ही बाजूंच्या कामाला लागलेल्या सोंगट्या मोजा, आणि दहाव्या चालीला राजा सी७ ऐवजी ई८ वर गेला असता तर पांढऱ्याने काय खेळले असते ते स्वतः शोधा.